एकवीस मेचा झेंडा

भाचीच्या लग्नात मामानं काय करायचं, हे आमच्याकडं ठरलेलं आहे. मुलीला बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि कुणी पाहुणा रुसला तर त्याला हाताला धरून पंगतीत बसवायचं. या यादीत झेंडा हलवणं कुठंही नाही. तरीही दोन हजार तेवीस सालच्या एकवीस मेला, इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, आठशे माणसांदेखत मी झेंडा हलवला. तेव्हापासून बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मला नागेशराव म्हणून कुणी ओळखत नाही. ‘झेंडेवाले मामा’ म्हणतात. झालं ते असं.

सणसरला माझा मित्र विजयसिंह याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दर वर्षी तो गिऱ्हाइकांना दीड हजार कॅलेंडरं फुकट वाटतो आणि त्यांची प्रुफं मी तपासतो. मी बारामतीच्या एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. तेवीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही नोटिशीत चूक निघालेली नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं कुणाचा विश्वास बसणार नाही.

आता माझी एक खोड. मला फॉर्म्युला वनच्या शर्यती बघायचा नाद आहे. हा नाद भाचीनं, मोनानं लावला. ती कॉलेजसाठी चार वर्षं आमच्याकडं राहिली आणि रविवार संध्याकाळी मोबाईल टीव्हीला जोडून बसायची. त्याच गाड्या त्याच रस्त्यावरून साठ-सत्तर वेळा फिरतात आणि शेवटी निघाल्या तिथंच येतात, यात बघायचं काय, असं मी पहिल्या रविवारी म्हणालो. तिसऱ्या रविवारी मी टायरच्या प्रकारांवर तिच्याशी भांडत होतो.

तेवीस सालच्या चोवीस शर्यती जाहीर झाल्या तेव्हा माझी बायको राजेश्वरी म्हणाली, “चोवीस रविवार? मग सत्यनारायण, बारशी, डोहाळजेवणं कुणी करायची?” त्याच आठवड्यात कॅलेंडरची प्रुफं आली, आणि आमच्या घरात छापलेल्या गोष्टीला मान आहे. प्रेसवाल्याला सांगून मी त्या चोवीस चौकोनांत एकेक बारीक, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा घालून घेतला. शेवटच्या पानावर तळाला खुलासाही दिला होता: ‘झेंडा म्हणजे फॉर्म्युला वन शर्यत.’ माझ्याकडून कामात कसूर नव्हती.

कसूर विजयसिंहाच्या चुलत्याची. शेवटच्या पानावर त्यांच्या घराण्याचे फोटो असतात. कारखान्याच्या निवडणुकीत चुलते विरोधी पॅनेलला गेले म्हणून त्यांचा फोटो काढला. चार दिवसांनी ते परत आले म्हणून फोटो परत घातला. येताना ते थोरल्या मुलालाही घेऊन आले. त्या मुलाच्या फोटोला जागा हवी होती, ती प्रेसवाल्यानं माझ्या खुलाशातून काढली. मला न विचारता.

कॅलेंडरं छापून झाली आणि डिसेंबरच्या दोन तारखेला बातमी आली की सोळा एप्रिलची चीनमधली शर्यत रद्द. मी हादरलो. माझ्या सहीनं गेलेल्या छपाईत चूक! आमच्या वरच्या मजल्यावर शंभूराज साहेब राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांच्याकडं सल्ल्याला गेलो.

“शुद्धिपत्रक काढा,” ते म्हणाले आणि लगेच सांगायला लागले, “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दिनांक सोळा एप्रिल रोजीचा झेंडा अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात येत आहे. तरी त्याप्रमाणे नोंद घ्यावी.”

“शर्यतीचं लिहू या ना. कारण काय ते.”

“नागेशराव, मी चौतीस वर्षं पाणी सोडलं आणि बंद केलं. एकदाही कारण लिहिलं नाही. कारण दिलं की लोक अर्ज करतात.”

जावक क्रमांक घालून, विजयसिंहाच्या दुकानाचा शिक्का मारून, दीड हजार चिठ्ठ्या कॅलेंडरांना टाचल्या. टाचण्या मी स्वतः मारल्या.

आमच्या भागात कॅलेंडर वाचायचं नसतं, त्यावर लिहायचं असतं. दुधाचं माप, गॅस कधी लावला, गाय कधी भरवली, कालव्याच्या पाण्याची पाळी कधी, सगळं त्या चौकोनात. छापील खूण मात्र कुणी तपासत नाही, पाळतात. चंद्र दिसला की संकष्टी. तसा झेंडा दिसला. खुलासा नाही, वर सरकारी भाषेतली चिठ्ठी. बियाणेवाल्यानं छापलाय म्हणजे दिवस चांगला असणार, असं लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं.

तेही चाललं असतं. पण पाच मार्चला, म्हणजे पहिल्याच झेंड्याला, कऱ्हाटीच्या सर्जेराव आबांच्या बोअरला पाणी लागलं. कऱ्हाटीचा तो भाग कोरडा. आबांचे आधीचे तीन बोअर नुसता धुरळा देऊन गेले होते. त्यांना हे कॅलेंडर सणसरच्या व्याह्यांकडून मिळालेलं. आबा सगळ्या गावाला सांगत सुटले, “झेंडा बगून मशीन लावलं आन् अडीच इंच पानी!” पुढं सोळा एप्रिलला त्यांच्या शेजारच्या गोकुळनं रद्द झेंड्याला न जुमानता बोअरमध्ये पाण्याची नवी मोटार सोडली. ती दुपारी दोनला जळाली. त्यानंतर विजयसिंहाच्या दुकानात लोक बियाणं नंतर आणि झेंड्याची चौकशी आधी करू लागले.

“नागेश, काय बदल झाला तर मला पैलं कळव बाबा,” विजयसिंह म्हणाला. “लोक माझ्या दुकानाच्या भरवशावर हायेत.”

सणसरचे व्याही म्हणालो ते म्हणजे माझी थोरली बहीण द्वारकाआक्का आणि तिचे यजमान हिंदुराव दाजी. त्यांची मोना आणि आबांचा नातू विशाल यांचं लग्न ठरलेलं. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं होतं, घरच्यांनी ते नंतर शोधून काढलं. याद्यांच्या बैठकीत गुरुजींनी मे महिन्यातले तीन मुहूर्त काढले. आबांनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं.

“ह्या तिनात झेंडा एकालाच हाय. एकवीस तारीख. पक्की.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलंही. “आबा, ती खूण मीच घातलीय,” एवढं म्हणालो, आणि सगळी बैठक माझ्याकडं वळली. आबांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची मला दिली. कुणीतरी माझ्यासाठी दुसरा चहा आणला. नोकरीच्या तेवीस वर्षांत मला दुसरा चहा कुणी दिलेला नाही. पुढचं वाक्य मी त्या चहाबरोबर गिळलं.

मुहूर्त निघाला संध्याकाळी सहा पस्तीसचा. इटलीतली शर्यत आपल्या वेळेनं साडेसहाला सुरू होणार होती. मोनानं खोलीच्या दारातून माझ्याकडं असं पाहिलं की मी बिस्किटात लक्ष घातलं.

“मामा,” नंतर ती म्हणाली, “माझ्या मागं उभं राहून मोबाईल बघायचा नाही. मीही नाही बघणार.”

पुढचा महिना मी मोठ्या मनाच्या माणसासारखा वागलो. मग सतरा मे, बुधवार, दुपारी चारची वेळ. तिकडं पूर आला, माणसं दगावली, शर्यत रद्द. पुराचं वाचून वाईटच वाटलं. पण मी कबूल करतो की त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडा आनंद होता: भाचीचं लग्नही होणार आणि शर्यतही चुकणार नाही. त्या भरात मी विजयसिंहाला फोन केला. “एकवीसची रद्द झाली रे!”

तो कर्तव्याला जागला. दुकानाबाहेरच्या फळ्यावर त्यानं खडूनं लिहिलं: ‘युरिया आला आहे. २१ मेचा झेंडा रद्द.’

गुरुवारी सकाळी सातला आक्काचा फोन.

“नाग्या, काय क्येलंस रं? आबा म्हनत्यात, रद्द झेंड्याला आमी नातू बोहल्यावर चढवनार न्हाय. फुडच्या झेंड्याला लगीन. मांडव घातलाय, आचाऱ्यानं चूल मांडलीया, आन् ह्ये काय?”

पुढचा झेंडा अठ्ठावीसचा. त्या दिवशी कार्यालय दुसऱ्यांना दिलेलं. जूनमध्ये विशालला नाशिकच्या नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्यानंतर आषाढ, त्यात यंदा अधिक श्रावण. म्हणजे तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबा. आक्काच्या हातून फोन मोनानं घेतला. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“मामा, तुझ्या झेंड्यापायी माझं लग्न पुढं गेलं, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी तसाच वरच्या मजल्यावर गेलो. शंभूराज साहेब म्हणाले, “मी येतो, तांत्रिक बाजू मांडायला माणूस हवा.” आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून कऱ्हाटीला गेलो.

आबा ओसरीवर बसले होते. मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. तो झेंडा मुहूर्ताचा नाही, मोटारींच्या शर्यतीचा आहे. माझा गाढवपणा झाला. तुमच्या बोअरला पाणी लागलं ते तुमच्या नशिबानं.

आबांनी शांतपणे ऐकलं. “मोटारी पळवत्यात. बरं. कोन पळवतंय?”

“दहा संघ असतात आबा. प्रत्येकाचे दोन ड्रायव्हर. पण ते दर वर्षी बदलतात. हा त्या संघातून या संघात. गेल्या साली एका संघानं एका पोराचं नाव जाहीर केलं, आणि त्याच संध्याकाळी पोरगा म्हणाला, मी यांच्याकडं नाहीच.”

आबांचे डोळे चमकले. “म्हंजी पॅनेलच की! सोसायटीच्या विलेक्शनला आमच्या पंक्चरवाल्या गेणूनं आसंच क्येलं हुतं. पत्रकं छापून झाली, आन् ह्यो दुसऱ्या पॅनेलच्या जीपमदी. मंग ज्येला काडला त्यो काय करतो?”

“एखादं वर्ष घरी बसतो. नाहीतर तिसऱ्या संघात जातो.”

“बराबर हाय. आन् ही शर्यत रद्द का झाली?”

“पूर आला तिकडं.”

आबांनी मांडीवर थाप मारली. “मंग! दिवस वंगाळ हाय म्हनूनच पूर आला न्हवं? आन् तुमी म्हनता झेंड्याला काय कळत न्हाय.”

मी शंभूराज साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मला नाही, आबांना.

पुढचा तासभर मी जे जे समजावलं त्यानं आबांची श्रद्धा वाढत गेली. झेंडा जगभर एकाच दिवशी मानतात, हे ऐकून तर त्यांनी टोपी सारखी केली. शेवटी आतून विशालची आजी, फुलाबाई, पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्या सगळं ऐकत होत्या.

“आवो, झेंडा दिला कुनी? ह्या मामानं. रद्द क्येला कुनी? ह्येनंच. मंग ह्येलाच म्हना परत दे. पोरीच्या अंगाला हळद लागायची आली आन् तुमी हितं पुराच्या गप्पा मारताय.”

आबा विचारात पडले. “कागदावरचा झेंडा खडूनं ग्येला. परत द्यायचा तर खराखुरा पायजे. कापडाचा. मामानं सोता मांडवात आनायचा, आन् आमच्यासमोर लावायचा.”

“लावत नाहीत आबा, हलवतात,” मी म्हणालो. तेवीस वर्षांची अचूकतेची सवय, दुसरं काय. “शर्यत संपली की.”

“मंग अक्षता सपल्या की हालवा.”

“पन काळं फडकं न्हाय चालायचं लग्नात,” फुलाबाईंनी बजावलं. “कुकवाचा आन् हळदीचा रंग घ्या.”

शंभूराज साहेबांनी तिथंच ओसरीवर शुद्धिपत्रक क्रमांक दोन लिहिलं: ‘एकवीस मेचा झेंडा पूर्ववत करण्यात येत असून तो प्रत्यक्ष हलविण्यात येईल.’ आबांनी त्यावर सही केली, मी केली, आणि साक्षीदार म्हणून गोकुळनं केली. त्याला जळालेल्या मोटारीचीही कुठंतरी नोंद हवी होती. ती शंभूराज साहेबांनी नाकारली. म्हणाले, “त्यासाठी वेगळा अर्ज करा.”

बारामतीतल्या एकाही शिंप्यानं ऐन लग्नसराईत काम घेतलं नाही. एकानं तर “आमच्याकडं ब्लाउजं सोडून काही शिवत नाही” असं म्हणून माझ्याकडं पाठ केली. शेवटी राजेश्वरी मशीनवर बसली. लाल खण दुकानातून आणला, पण पिवळं कापड तिला मनासारखं मिळेना, म्हणून एक पांढरा पंचा हळदीत बुडवला. चौसष्ट चौकोन. प्रत्येक चौकोनाला ती एकदा म्हणायची, “बघा आणखी शर्यती.” मी सुईत दोरा ओवून देत होतो.

लग्नाच्या दिवशी उकाडा मरणाचा. काठीला लावलेला झेंडा काखेत धरून मी मोनाला बोहल्यावर आणलं. घामानं पंचाची हळद सुटली आणि माझा नवा पांढरा सदरा काखेपासून कमरेपर्यंत पिवळा झाला. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “अगं बया, मामाला बी हळद लावली!” फोटोवाल्यानं माझे मुद्दाम जवळून फोटो काढले. गुरुजींनी काठी पाहून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “शुद्धिपत्रक क्रमांक दोन.” त्यांनी लगेच अंतरपाट धरायला लावला. त्यांना अजून दोन लग्नं लावायची होती.

सहा पस्तीस झाले. मोना माझ्या पुढं हार धरून उभी होती. ही पोर सतरा वर्षांची असताना ट्रंक घेऊन आमच्या दारात आली होती, चार वर्षं माझ्याशी टायरवरून भांडली होती. शेवटची अक्षत पडली, अंतरपाट सरला, आणि मला एकदम रडू आलं. चांगलं हुंदका फुटण्याइतकं आलं. पहिल्या रांगेतून आबा ओरडले, “मामा, झेंडा!” मी रडत रडत झेंडा हलवला.

शर्यतीत झेंडा हलला की गाड्या थांबतात. इथं सुटल्या. आठशे माणसं एकदम उठली आणि जेवणाच्या हॉलकडं पळाली. लोक म्हणतात एवढी शिस्तशीर सुरुवात त्यांनी कुठल्याच लग्नात पाहिली नाही. नवरा-नवरी फोटोला गेले, आक्का आणि दाजी मानपानाला. दोन मिनिटांत स्टेजवर मी एकटा उरलो, काठी हातात, सदरा पिवळा. रुसलेल्या पाहुण्यांना पंगतीत बसवायचं काम मामाचं. मामाला पंगतीत बसवायचं काम कुणाचं, हे यादीत नाही. मी अर्धा तास वाट पाहिली. मग आपला आपण गेलो तेव्हा जिलबी संपली होती आणि आचारी मठ्ठ्याचं पातेलं विसळत होता. मला राग आला होता, आणि तो मी घरी येईपर्यंत कुणाला दाखवला नाही.

पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला, आम्ही नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं. सोबत आबाही आले. त्यांना खरा झेंडा बघायचा होता. मोनानं मोबाईल टीव्हीला जोडला आणि साडेसहाला मोनॅकोची शर्यत सुरू झाली.

“अठ्ठ्याहत्तर वेढे? त्याच गल्लीबोळातनं?” आबा म्हणाले. चार चाकं अडीच सेकंदांत बदललेली पाहून त्यांनी तीन वेळा नुसतं “गेणूला दावाय पायजे” म्हटलं. “ह्ये दोगं एकाच रंगाचं, म्हंजी एकाच पॅनेलचं?”

“होय आबा.”

“मंग येकमेकांला वाट का दीनात?”

“एकाच पॅनेलचे आहेत म्हणून,” विशाल म्हणाला. आबांना नातवाचं फार कौतुक वाटलं.

शेवटी शेवटी तिकडं पाऊस आला. “पाऊस बी तिकडंच,” असं म्हणून आबांनी खिडकीतून आभाळाकडं पाहिलं. शेवटचा वेढा आला. मोना पुढं सरकून बसली, मीही सरकलो. उंचावर उभं राहून एका माणसानं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलवला. पहिली गाडी त्याच्यासमोरून गेली, मागून दुसरी गेली, तिसरी गेली. कॅमेरा गाड्यांच्या मागं गेला. तो माणूस हलवतच राहिला, मग दिसेनासा झाला.

आबा टीव्हीकडं बोट करून माझ्याकडं वळले. “ह्यो त्यांचा मामा?”

मोनानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “व्हय आबा.”

“जितला त्येच्याभवती समदी गोळा झाली. ह्येला कुनी जेवाय बोलावलं का न्हाय?”

मोना उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला, “मामी, आधी मामाचं ताट वाढ. जिलबी जास्त घाल.”

ताटात चार जिलब्या होत्या. मी चारही खाल्ल्या.